एमएस म्हणजे नक्की कुठलं?

परवा एकाचा फोन आला, पंचवीस एमएमचा एमएस (माइल्ड स्टील) राउंड, म्हणजे गोल बार, आहे का म्हणून. म्हटलं कुठला एमएस? पलीकडे दोन सेकंद शांतता, मग "अहो एमएस म्हणजे एमएस, साधं लोखंड हो". त्याला काय बोलणार, मी पण पहिली सात-आठ वर्षं असंच मागवत होतो, आणि त्याची फी भरलेली आहे व्यवस्थित, तीच इथं लिहून ठेवतो.

आमचं वर्कशॉप शिरोली एमआयडीसीत. एका बाजूला दोन जुने लेथ (बार फिरवत कापायचं मशीन) आणि एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं), दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशन, आणि मधे एकच रॅक ज्यात सगळे बार पडलेले. भानगडी सगळ्या त्या रॅकपाशीच होतात, कारण टर्नरला जो बार आवडतो तो वेल्डरला चालत नाही आणि वेल्डरचा लाडका बार टर्नरचं डोकं फिरवतो. दिसायला मात्र सगळे सख्खे भाऊ.

झालं असं की ऊसाच्या ट्रॉलीच्या फाळक्याला बिजागऱ्या असतात त्याच्या पिनांची ऑर्डर आली. साध्या पिना, एका बाजूला कॉलर, दुसऱ्या बाजूला बारीक खाच. मी नेहमीसारखा यार्डातून काळा हॉट रोल्ड बार उचलून आणला, स्वस्तात मस्त. आप्पांनी लेथवर लावला (आप्पा म्हणजे आमचे जुने टर्नर, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे) आणि अर्ध्या तासात हाक मारली, "मालक, ह्यो काय कापंना, लोण्यावानी चिकटतोय नुस्ता." जाऊन बघतो तर चिप तुटायचं नाव नाही, लांबच्या लांब दोरी होऊन लेथच्या चकला (बार धरणाऱ्या जबड्याला) गुंडाळलेली, टूलच्या टोकावर लोखंडाचा गोळा बसलेला आणि जॉबवर फिनिश असा की जणू मांजरानं नखं मारलीत.

आता आपल्याला वाटतं मऊ लोखंड म्हणजे कापायला सोपं. उलटं आहे. कार्बन फार कमी असला की ते कापलं जायच्या ऐवजी ओढलं जातं, फाटतं, आणि टूलच्या धारेवर त्याचाच थर चढतो, मग तो थरच वेडावाकडा कापायला लागतो. थोडा कार्बन, म्हणजे ०.२० ते ०.२५ टक्क्यांच्या आसपास, असला तर उलट बरं कापतं. आणि आपण त्यात भर घालतो आरपीएम कमी ठेवून. पंचवीसचा बार तीनशे आरपीएमवर म्हणजे मिनिटाला साडेतेवीस मीटर स्पीड, तिथं गोळा बसणारच. तोच कार्बाइडचं धारदार इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं टोक) लावून बाराशेवर नेला की ९४ मीटर होतो आणि फिनिशमध्ये बऱ्यापैकी फरक पडतो. पण आमचा तो लेथ बाराशेला असा थरथरतो की आप्पा लांब जाऊन उभे राहतात.

कशीबशी ती ऑर्डर गेली. पुढच्या वेळी मी शहाणा झालो होतो ना, ईएन १ए लेडेड (शिसं घातलेला, कापायला सोपा ग्रेड) आणला. ह्या मालाची मजा ज्यानं अनुभवली नाही त्याला सांगून कळणार नाही. चिप अशी बारीक तुटून पडते की खाली ट्रेमध्ये भडंग सांडल्यासारखं वाटतं, फिनिश आरशासारखा, इन्सर्ट संपता संपत नाही. ह्यात गंधक मुद्दाम घातलेलं असतं, पाव टक्क्याच्या आसपास. साध्या स्टीलमध्ये ०.०४५ च्या वर गंधक गेलं की माल रिजेक्ट करतात आणि इथं त्याच्या पाच-सहा पट. हे गंधक मँगनीजबरोबर मिळून आत बारीक बारीक दाणे करतं आणि चिप त्या दाण्यांपाशी तुटते. वर ०.१५ ते ०.३५ टक्के शिसं, ते वंगणाचं काम करतं. अमेरिकन लोक ह्याच्याच भावाला १२एल१४ म्हणतात, कापायला किती सोपं ह्याच्या त्यांच्या तक्त्यात १२१२ ग्रेडला शंभर धरलं तर १२एल१४ ला १९३ आणि आपल्या नेहमीच्या १०१८ ला ७८ च्या आसपास. म्हणजे फरक थोडाथोडका नाही. किलोला जास्त पैसे जातात हे खरं, पण सीएनसीवर मशीनचा तास मोजला की तो बार स्वस्त पडतो.

तर पिना झाल्या, चकाचक, पार्टी खूश. आणि पंधरा दिवसांनी तीच पार्टी पिना पिशवीत घेऊन दारात. त्यांनी काय केलं होतं, पिनेची कॉलर प्लेटला वेल्ड केली होती. मला ड्रॉइंगमध्ये वेल्डिंग दाखवलं नव्हतं, आणि मी पण विचारलं नाही, त्यामुळे चूक माझीच धरतो. वेल्डच्या बरोबर मधोमध केसासारखी चीर, काहींना तर नुसता हातोडा लावला तरी पिन सुटून हातात. कारण तेच लाडकं गंधक. वेल्ड थंड होताना सगळं घट्ट झालं तरी गंधकवाला भाग शेवटपर्यंत पातळ राहतो, दाण्यांच्या मधे पातळ थर होऊन बसतो आणि आकुंचन सुरू झालं की तिथूनच फाटतं. शिवाय शिशाचा धूर वेल्डरच्या नाकात जातो तो वेगळाच. ईएन १ए वेल्ड करायचा नाही, विषय संपला.

तिसऱ्या वेळी जे पहिल्या वेळीच करायला हवं होतं ते केलं, ईएन ३बी चा ब्राइट बार. कार्बन ०.२० च्या आसपास, गंधक नेहमीएवढं, म्हणून वेल्ड चांगला बसतो. आणि थंड ओढलेला असल्यामुळे थोडा कडक झालेला असतो त्यामुळे काळ्या बारापेक्षा कितीतरी छान कापतो, ईएन १ए ची सर नाही पण आप्पांनी तक्रार केली नाही, आणि आप्पांनी तक्रार केली नाही म्हणजे उत्तम. वर बाहेरचा साइज आधीच बरोबर असतो, एक कट वाचतो.

ब्राइट बारची एक खोड मात्र लक्षात ठेवा. ओढताना आत ताण बसलेला असतो. शाफ्ट टर्न करून चारी बाजूनी सारखं मटेरियल काढलं तर सहसा काही होत नाही, पण एकाच बाजूनी लांब की-वे (चावी बसायची खाच) मारला की मिलिंगवरून सोडल्यावर शाफ्ट धनुष्यासारखा वाकतो. एकदा मीटरभर शाफ्टला की-वे मारून आम्ही दोघं व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल (वाकडेपणा दाखवणारं मोजमाप) लावून बघत बसलो होतो, काटा फिरतोय फिरतोय, आप्पा म्हणाले "मशीनच वाकडं झालंय बगा". मशीन सरळ होतं. लांब की-वे असला तर काळा बार घेऊन टर्न करा, नाहीतर ब्राइट बारला आधी स्ट्रेस रिलीव्ह करून (आतला ताण काढून) घ्या.

जाता जाता, हे ईएन म्हणजे युरोपियन नॉर्म नव्हे. महायुद्धाच्या काळातले ब्रिटिश नंबर आहेत, इमर्जन्सी नंबर म्हणतात, तिकडं त्यांनी कधीच बदलून २३०एम०७ (ईएन १ए), ०७०एम२० (ईएन ३बी), ०८०एम४० (ईएन ८) असं केलं, आपण अजून तेच जुने धरून बसलोय. आणि ईएन ८ लो कार्बन नाहीच, ०.४० च्या आसपास कार्बन असतो, प्रीहीट न करता (आधी गरम न करता) वेल्ड मारला की वेल्डच्या बाजूची पट्टी कडक होऊन तडकते. तरी यार्डवाला "एमएस नाही, ईएन ८ घ्या, त्याच्यापेक्षा भारी आहे" म्हणून देतोच. भारी म्हणजे कशाला भारी?

आता शेडकडचं बघू. स्ट्रक्चरच्या स्टीलला आयएस २०६२ हे भारतीय मानक, त्यात ई २५० म्हणजे २० एमएमच्या आतल्या जाडीला यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं तो) किमान २५० मेगापास्कल, ई ३५० म्हणजे ३५०. मागं ए, बीआर, बी०, सी असं लावतात, ते झटका सोसायच्या टेस्टचं आहे, बीआर म्हणजे नेहमीच्या तापमानाला, बी० म्हणजे शून्य डिग्रीला. आपल्याकडच्या शेडला बीआर पुरतं, कोल्ड स्टोरेजच्या आत काम असेल तर विचार करा.

इथं लोकांचा एक आवडता गैरसमज आहे. एका गाळ्यात होइस्टसाठी (वजन उचलायच्या यंत्रासाठी) बीम टाकायचा होता, पाच मीटर स्पॅन, दोन टन. आयएसएमबी २०० (२०० एमएम उंचीचा आय-बीम) टाकला तर मधे साधारण साडेअकरा एमएम झुकतो, बघूनच मालकाला भीती वाटली. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी सल्ला दिला, बीम तोच ठेवा पण ई ३५० चा घ्या, स्ट्राँग असतो. अहो झुकणं आणि तुटणं वेगळं. ई २५० घ्या नाहीतर ई ३५०, लवचिकतेचा आकडा दोन्हीचा तोच, दोन लाख मेगापास्कल, त्यामुळे दोन्ही त्याच साडेअकरा एमएमला झुकणार. त्याच्याऐवजी ई २५० चाच आयएसएमबी २५० घेतला की पाच एमएमवर येतं. झुकणं कमी करायचं तर उंची वाढवायची, ग्रेड नाही. ई ३५० कामाला येतो तो जिथं ताकद कमी पडते आणि वजन वाचवायचंय तिथं, ट्रेलरची चासी वगैरे. आणि त्याला वेल्ड करताना कार्बन इक्विव्हॅलंट बघायचा, म्हणजे कार्बन अधिक मँगनीज भागिले सहा आणि पुढं क्रोमियम-निकेल वगैरेचे थोडे थोडे, ई २५० बीआर ला तो ०.४१ च्या आत असतो, ई ३५० ला वर जातो, जाड प्लेटला तेवढं सांभाळून.

अजून एक, बांधकामाची टीएमटी सळई लेथवर लावू नका. टीएमटीची पिन करून द्या म्हणणारे महिन्याला एक तरी येतात. तिची बाहेरची साल पाण्यानं कडक केलेली असते आणि आतला गाभा मऊ, साल काढली की जे विकत घेतलं तेच भंगारात गेलं. आणि "एमएसची पिन आहे, लाल करून पाण्यात बुडवून हार्ड करून द्या" हे पण. त्यात पुरेसा कार्बनच नाही तर हार्ड होणार काय? नुसती ओली होते. वरून कडक पाहिजे असेल तर ईएन ३२ किंवा २०एमएनसीआर५ घेऊन केस हार्डनिंगला पाठवा, ९०० डिग्रीच्या वर ठेवून बाहेरून कार्बन शिरवतात.

हे सगळं खरं की खोटं ते सर्टिफिकेटवर कळतं. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, हीट नंबर (माल भट्टीच्या कुठल्या ओतीचा ते सांगणारा) प्लेटवरच्या पंचशी जुळतोय का बघा, आणि कार्बनबरोबर गंधकाचा रकाना वाचा, तो आम्ही आधी कधीच वाचत नव्हतो. ग्राइंडरवर ठिणगी बघून आप्पा ईएन ८ आणि एमएस ओळखतात, ईएन ८ ला फुलं जास्त फुटतात, एमएसच्या नुसत्या लांब रेघा. पण शिसं ठिणगीत कळत नाही.

त्या फोनवाल्याला मी शेवटी एवढंच विचारलं, बार वेल्ड करणार का? म्हणाला "नाही, पण जाळीला टॅक मारायची आहे" (टॅक म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका). म्हटलं मग तो वेल्डच झाला की. ईएन ३बी दिला. रॅकमध्ये आता ईएन १ए च्या बारांना दोन्ही टोकांना लाल रंग लावलेला असतो, आणि कापताना रंगवालं टोक शेवटी ठेवायचं असा नियम आहे, तरी परवा एक बिनरंगाचा दीड फुटाचा तुकडा सापडलाच. आप्पा म्हणाले ईएन १ए, मी म्हणालो ईएन ३बी. लेथवर लावला, भडंग पडलं.