क्रॉसिंगला थांबलोय

घरात मॉडेल रेल्वे आहे म्हटलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, गोल गोल फिरते का? दुसरा, किती जोरात पळते? उत्तर ऐकून माणसं जरा हिरमुसतात, कारण माझ्या बेसमेंटमधली गाडी बराचसा वेळ नुसती उभी असते. आणि ती उभी राहावी म्हणूनच महिन्यातल्या एका शनिवारी आठ-नऊ चांगली शहाणीसुरती माणसं, त्यातली बरीचशी रिटायर झालेली, दोन दोन तास गाडी हाकत माझ्याकडे येतात.

ह्याला इकडे ऑपरेटिंग सेशन म्हणतात. इकडे म्हणजे ओहायोत, जिथे बेसमेंट मोठी, हिवाळा लांब आणि त्यामुळे हा छंद भयंकर फोफावलेला. गाड्या नुसत्या फिरवायच्या नाहीत तर खऱ्या रेल्वेसारख्या चालवायच्या, टाइमटेबल असतं, प्रत्येक गाडीला काहीतरी काम असतं, ड्रायव्हर वेगळा, गार्ड वेगळा, यार्डमास्टर वेगळा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक डिस्पॅचर, म्हणजे कुठली गाडी कुठे थांबेल ते ठरवणारा, ज्याला बिचाऱ्याला एकही गाडी दिसत नाही कारण त्याला मी वरच्या छोट्या खोलीत फोन आणि कागद देऊन बसवतो. खऱ्या डिस्पॅचरला तरी कुठे दिसायची?

तुम्ही पुण्याचे असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम लहानपणी बघितलं असेल. भारी आहे ते, पण तिथे आपण प्रेक्षक. इथे प्रेक्षक कुणीच नाही, आलेल्या प्रत्येकाला कामाला जुंपतात. लेआउट (म्हणजे मांडलेली सगळी छोटी रेल्वे) हा रंगमंच, गाड्या म्हणजे नटमंडळी आणि टाइमटेबल म्हणजे नाटकाची संहिता, असं १९४० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसनने लिहून ठेवलंय आणि तेव्हापासून ह्या छंदातली निम्मी मंडळी तेच घोकतायत. मला ते पूर्ण पटत नाही. नाटकात पुढे काय होणार ते नटांना पाठ असतं, सेशनमध्ये कुणालाच माहीत नसतं, मलासुद्धा.

माझा लेआउट बी अँड ओ, म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायो, रेल्वेचा, चिलिकॉथीहून अथेन्समार्गे पार्कर्सबर्गकडे जाणारा, साल १९५६. हा भाग मी का निवडला, तर तिथे एकेरी लाइन होती. म्हणजे जाणाऱ्या येणाऱ्या दोन्ही गाड्यांना एकच रूळ, मधे मधे सायडिंग, आणि समोरून कोणी येत असेल तर एकाने बाजूला होऊन उभं राहायचं. कोकण रेल्वेने गणपतीला गावी गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवायची गरजच नाही. रोहा ते वीर सोडलं तर ती लाइन अजून एकेरीच आहे, गाडी कुठल्यातरी छोट्या स्टेशनात पावसात थांबते, पाच मिनिटं जातात, पंधरा जातात, मग डब्यातला एक काका दारातून डोकावून येतो आणि "क्रॉसिंग आहे" असं अशा थाटात सांगतो की जणू त्याला रेल्वे बोर्डातून फोन आलाय. माझं चिपळूणचं सगळं बालपण ह्या काकांनी भरलेलं आहे, आणि अमेरिकेत येऊन मी स्वतःच्या पैशाने, पंधरा-वीस लाकडी फळ्या ठोकून, नेमकी तीच परिस्थिती तयार केली, ह्यावर आमच्या आईने फोनवर जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

आता एक लोकल मालगाडी बघा. एक जीपी-९ डिझेल इंजिन, मागे सात-आठ वाघिणी, शेवटी लाल कॅबूस, म्हणजे गार्डचा डबा. प्रत्येक वाघिणीचं एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं, त्यावर तिचा नंबर, आणि कार्डाच्या खिशात एक छोटा कागद, ही वाघीण कुठून कुठे, आत काय, कुणाच्या सायडिंगला टाकायची. ही पद्धत डग स्मिथ नावाच्या माणसाने १९६१ मध्ये मांडली आणि आता कॉम्प्युटरची छापील लिस्ट मिळत असतानाही अर्धा छंद ह्या कार्डांवरच चालतो. मीही कार्डवालाच. पत्त्यासारखी हातात धरता येतात, वरखाली लावता येतात, आणि गार्ड झालेला माणूस ती लावता लावता पुटपुटायला लागला की समजायचं, रंगला.

तर ही लोकल अथेन्सला येते. वीटभट्टीवर एक भरलेली वाघीण उचलायची आहे आणि एक रिकामी ठेवायची आहे. ऐकायला दोन मिनिटांचं काम. पण भट्टीच्या सायडिंगचा सांधा उलट्या तोंडाचा आहे, म्हणजे इंजिन पुढे राहिलं तर वाघीण आत ढकलताच येत नाही, आधी इंजिन सोडवून बाजूच्या लूपमधून गाडीच्या मागच्या टोकाला आणावं लागतं. ही लूप म्हणजे मघाशी सांगितलेली क्रॉसिंगची सायडिंग. आणि तिथे कोळशाची गाडी अगोदरच येऊन उभी आहे, नॅशनल लिमिटेडची वाट बघत. नॅशनल लिमिटेड म्हणजे ह्या लाइनवरची राणी, सेंट लुइसची एक्सप्रेस, पहिल्या दर्जाची, तिच्या वेळेच्या पाच मिनिटं अगोदर बाकी सगळ्यांनी रस्ता सोडलाच पाहिजे असा नियम. म्हणजे आता लोकलवाल्याने आपलं शंटिंग सोडून आधी स्वतःला कुठे लपवायचं ते ठरवायचं.

तिथे माझा लाडका सीन सुरू होतो. लोकलचा ड्रायव्हर एक रिटायर्ड दातांचा डॉक्टर, गार्ड कॉलेजात शिकणारा एक पोरगा. डॉक्टर बांबूची काडी, आपली कबाबाला लावतात ती, दोन कपलरच्या मध्ये घालून हलकेच पिरगाळतात, टिक्, वाघीण सुटते. हे काम ते इतक्या निवांतपणे करतात की चाळीस वर्षं लोकांच्या दाढा काढल्यात हे पटतं. पोरगा कार्डं फिरवून सांगतो की आपण गाडी अर्धी करून भट्टीच्याच सायडिंगमध्ये ढकलली तर? डॉक्टर म्हणतात, अर्धी मावेल, कॅबूस बाहेर राहील. कोळशावाला शेजारी स्टुलावर बसलाय, त्याला काहीच काम नाही, म्हणून तो फुकटचा सल्ला देतो. इतक्यात फोन. वरून डिस्पॅचर ऑर्डर सांगतो, पोरगा पातळ कागदावर लिहून घेतो, शब्द न् शब्द परत वाचून दाखवतो, आणि वरून "कम्प्लीट" आणि वेळ आली की मगच ती ऑर्डर लागू. खऱ्या रेल्वेत असंच व्हायचं, आणि त्या परत वाचण्यावर माणसांचे जीव अवलंबून असायचे.

घड्याळाचीही गंमत आहे. एचओ स्केल म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, त्यामुळे खरा एक मैल लेआउटवर साठ फुटांच्या आसपास भरतो. माझ्या दोन स्टेशनांत मुश्किलीने वीस फूट. ताशी तीस मैलाने गेलं तरी चाळीस सेकंदांत पुढचं स्टेशन, ह्यात कसलं टाइमटेबल बसवणार. म्हणून भिंतीवर फास्ट क्लॉक, खऱ्या एका मिनिटात त्याची चार मिनिटं. चाळीस सेकंदांची दोन मिनिटं चाळीस सेकंद होतात आणि जरा प्रवास केल्यासारखं वाटतं. पण सांधा बदलायला, काडी घालायला, कार्ड वाचायला माणसाचा हात लागतो आणि हात काही चौपट वेगाने चालत नाही. त्यामुळे लोकल मालगाडी कायम लेट. काहीजण एकास बारा लावतात, त्यांच्याकडे लोकल चालवणं म्हणजे शिक्षा आहे, मी तर तोंडावर सांगतो.

घड्याळाचं हे वेड उगाच नाही. १८९१ च्या एप्रिलमध्ये ह्याच ओहायोत किप्टन नावाच्या गावाजवळ टपाल गाडी आणि पॅसेंजर समोरासमोर धडकल्या, कारण एका ड्रायव्हरचं घड्याळ मध्येच चार मिनिटं बंद पडून परत चालू झालं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. त्यानंतर रेल्वेने क्लीव्हलंडच्या वेब बॉल नावाच्या जवाहिऱ्याला घड्याळं तपासायच्या कामावर नेमलं. सेशनच्या सुरुवातीला नवीन माणसाला मी ही गोष्ट हमखास सांगतो. माझ्या भिंतीवरची चार मिनिटं म्हणजे खरं एक मिनिट, एक मिनिट तर चहाचा घोट घेण्यात जातं.

चहावरून आठवलं. खाणं वर, गाड्या खाली, हा आमच्या घरचा कडक नियम आहे. बायको बटाटेवडे करते आणि त्या वड्यांचा लौकिक आता तीन काउंटींत पसरलाय, पण तेलकट बोट रुळाला लागलं की इंजिन तिथे आचके देतं, करंट रुळातूनच येतो ना. म्हणून आदल्या दिवशी मी स्पिरिटचं फडकं घेऊन सगळे रूळ पुसून काढतो, चाकांचं अंतर गेजने तपासतो, लपवलेल्या यार्डात गाड्या क्रमाने लावतो, कार्डांतले कागद उलटवतो. आणि प्रत्यक्ष सेशनला मला गाडी चालवायला मिळतच नाही. यजमानाला पंगतीत बसायला मिळत नाही तसंच. कुठे सांधा अडकला, कुणाच्या थ्रॉटलची, म्हणजे गाडी चालवायच्या रिमोटची, बॅटरी संपली, डॉक्टरांचा चष्मा कुठे राहिला, हेच.

सुरुवातीला मला वाटायचं की पाहुण्यांना रिकामं ठेवायचं नाही, म्हणून लोक टाइमटेबल ठासून भरतात, दर दहा मिनिटाला गाडी. अशा एका मोठ्या लेआउटवर गेलो होतो, इतका घामटा निघाला की घरी येताना शेजारी कोण उभं होतं तेही आठवेना. डेटनच्या अ‍ॅलन मॅक्लेलंडने व्हर्जिनियन अँड ओहायो बांधताना हे ओळखलं होतं असं मला वाटतं, त्याची गाडी बेसमेंटच्या भिंतीपलीकडच्या जगातून यायची आणि तिकडेच जायची, तिचं तिचं काम असायचं, तुम्ही फक्त तुमच्या वाट्याचा तुकडा सांभाळायचा. मी मुद्दाम माझ्या टाइमटेबलातून दोन मालगाड्या काढून टाकल्या. आता मूनव्हिलच्या बोगद्याजवळ कोणीतरी नेहमी उभं असतं. तो बोगदा खरा आहे, ह्याच लाइनवरचा, आणि तिथे रात्री कंदील घेऊन रेल्वेच्या माणसाचं भूत फिरतं अशी जुनी दंतकथा आहे, त्यामुळे तिथे अडकलेली माणसं भुताच्या गोष्टी काढतात आणि मग मी चिपळूणच्या घाटातल्या सांगतो. आमचं भूत जास्त चांगलं आहे असा निकाल लागलाय.

वर डिस्पॅचरच्या खोलीत मात्र कुणी हसत नाही. तिथे बसायला पुढच्या वेळी कोण, हा प्रश्न आला की सगळ्यांना एकदम बूट सापडत नाहीत.

मंडळी गेली की रविवारी माझं काम तक्रार पेटी उघडायचं. बिघडलेल्या वाघिणीचं कार्ड त्यात टाकायचं आणि चिठ्ठीवर काय झालं ते लिहायचं असा रिवाज. ह्यावेळी एकाच हिरव्या हॉपरच्या, म्हणजे कोळशाच्या वाघिणीच्या, कार्डाला तीन वेगवेगळ्या अक्षरांतल्या तीन चिठ्ठ्या टाचलेल्या, अथेन्सच्या पूर्वेच्या सांध्यावर घसरते, अथेन्सच्या पूर्वेच्या सांध्यावर घसरते, आणि तिसरीवर डॉक्टरांच्या अक्षरात, चाकं ठणठणीत आहेत, सांधा तपास.

तपासला. सांध्यात कबाबाच्या काडीचं टोक तुटून बसलं होतं.