गव्हाणीपाशी नाताळ

२०२४ सालचा नाताळ बुधवारी आला होता. मंगळवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूर सोडायचे, सकाळी मुंबईत उतरून लोकलने वसई गाठायची आणि त्याच संध्याकाळी परत फिरायचे, हा हिशेब मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. पण त्यात मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, गाडीतच हुकत होती आणि वर्षअखेरीच्या कामांमुळे गुरुवारी सकाळी कार्यालयात हजर राहणे भाग होते. यंदा येता येणार नाही, हे आईला फोनवर सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "तिथे मिस्सा आहे ना गं?"

मिस्सा होती, आणि मी ती ऐकलीही. मला खरी उणीव भासली ती गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार आठवड्यांपैकी शेवटच्या आठवड्यात आमच्या घरी वाट्यांमध्ये नाचणी पेरली जाते आणि तिचे हिरवेगार कोंब नाताळच्या आदल्या रात्री गोठ्याभोवती शेत म्हणून मांडले जातात. लहानपणापासून त्या वाट्यांना पाणी घालण्याचे काम माझे आणि बांबूच्या कामट्यांचे छप्पर शाकारण्याचे काम बाबांचे. आमचे शेत माझ्या जन्माआधीच गेले, त्यामुळे पेंढा ते दरवर्षी कुणाकडून तरी मागून आणतात. बाळ येशूची मूर्ती मात्र मध्यरात्रीपर्यंत कपाटातच असते. मिस्सेहून परत आल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाने ती गव्हाणीत ठेवायची, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. यंदा तो मान माझ्या भाच्याचा होता आणि मी तिथे नव्हते.

मी गंगावेशीजवळ ज्यांच्या घरात भाड्याने राहते, त्या काका-काकूंच्या मागच्या अंगणात तीन म्हशी आहेत. पहाटे आणि संध्याकाळी काका त्या दूधकट्ट्यावर नेतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. चोवीस तारखेच्या संध्याकाळी मी काकूंकडे थोडे वाळलेले गवत मागितले. कशाला हवे, हे सांगितल्यावर त्यांनी मला सरळ गोठ्यात नेले. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा काळ, त्यामुळे गव्हाणीत उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाडे पडले होते आणि कोपऱ्यात पाचटाचा ढीग होता. गव्हाणीची दगडी कड म्हशींच्या माना घासून गुळगुळीत झाली होती. एका म्हशीच्या श्वासाची ऊब माझ्या हाताला लागली आणि मी तशीच उभी राहिले.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग मी दरवर्षी ऐकते: उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मरियामातेने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले. 'गव्हाण' हा शब्द माझ्यासाठी आजवर कापूस आणि पुठ्ठ्याचा होता. ओल्या शेणाचा वास, अंधार, डासांचा त्रास आणि त्यात एक नवी बाळंतीण, हे मी कधी डोळ्यांपुढे आणलेच नव्हते. परक्या गावात जागा शोधत फिरलेल्या त्या दोघांविषयी मला त्या संध्याकाळी जे वाटले, ते कोणत्याही प्रवचनाने वाटले नव्हते.

काकूंनी दिलेल्या पाचटाचा वीतभर गोठा मी खिडकीत केला. दुसऱ्या दिवशी बुधवार असूनही त्या घरात मटण शिजले नाही, कारण मार्गशीर्ष चालू होता आणि गुरुवारी काकूंच्या व्रताचे उद्यापन होते. त्याचेच काकांना फार वाईट वाटत होते. "पोरीचा सण आणि घरात तांबडा-पांढरा नाही," असे ते दोनदा म्हणाले. काकूंनी माझ्यासाठी नव्या गुळातली खपली गव्हाची खीर केली आणि वाटीवर झाकण ठेवून ती स्वतः वर आणून दिली. खिडकीतल्या गोठ्यापुढे त्या क्षणभर थांबल्या, डोक्यावरचा पदर नीट करून त्यांनी हात जोडले आणि बाळ कुठे आहे, असे विचारले. माझ्याकडे मूर्ती नव्हती, हे मला सांगावे लागले.

दुपारी घरून व्हिडिओ कॉल आला. भाच्याने गव्हाणीत ठेवलेला बाळ येशू सगळ्यांनी मला दाखवला. मग मी फोन घेऊन अंगणात गेले आणि आईला म्हशींची गव्हाण दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली. "तुझ्या आजीची पण दगडाचीच होती," ती म्हणाली, "आता बाबांची स्कूटर उभी असते ना, तिथे."