आमची वाटचाल: साडीचा काठ आणि एम डॉट

इंदूरच्या रामबागेतल्या एका खोलीत वेबसाइट बनवायची फर्म सुरू केली तेव्हा आम्ही दोघं होतो, मी आणि माझा भागीदार. पहिलं नाव घेण्यासारखं काम राजवाड्याजवळच्या साडीवाल्या काकांचं. काका फक्त महेश्वरी विकतात. त्यांची साइट आम्हीच केलेली, ९६० पिक्सेल रुंद, संगणकावर देखणी. एक दिवस काकांनी दुकानात बोलावलं, गिऱ्हाइकाचा नोकिया माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्याच्यात माझी साडी दाखव." पान उघडलं. साडी नखाएवढी.

एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेतं, ही रिस्पॉन्सिव्हची कल्पना वेब डिझायनर ईथन मार्कोटने २०१० मध्येच मांडली होती. पण आमच्या गिऱ्हाइकांकडच्या बऱ्याच साध्या फोनांच्या ब्राउझरना मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलायच्या सूचना, कळत नव्हत्या, आणि टूजीवर अख्खं जड पान कोण उतरवणार? म्हणून वेगळी मोबाइल आवृत्ती, एम डॉटवर, म्हणजे आधी 'm.' लावलेल्या वेगळ्या पत्त्यावर. डेटाबेस एकच, टेम्प्लेट (पानाचे साचे) दोन. तो निर्णय त्या वेळी बरोबर होता, हे मी आजही कोणापुढेही सांगेन.

टेबलाच्या खणात सात जुने फोन ठेवले होते, जेल रोडवरून सेकंडहँड आणलेले. एम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या नकली फोनवर, माझा विश्वास नाही. २४० पिक्सेलच्या पडद्यावर बोटाने बटण दाबून बघितल्याशिवाय आम्ही एकही पान काकांना दाखवलं नाही. खरी युक्ती मात्र काकांचीच. ते म्हणाले, "अख्खी साडी कशाला दाखवतोस? बाई आधी काठ बघते." मग मोबाइलसाठी प्रत्येक साडीचे वेगळे फोटो कापले, आधी काठ, मग पदर. बुगडीचा काठ आणि रुईफुलाचा काठ इवल्या पडद्यावर वेगळे ओळखू यायला लागले आणि दुकानातला फोन वाजायला लागला.

काम वाढलं, अकरा साइट झाल्या. आणि २०१५ च्या दिवाळीच्या आठवड्यात मार बसला.

वेग वाढवायला सर्व्हरपुढे कॅश, म्हणजे एकदा दिलेलं उत्तर साठवून पुढच्याला तेच देणारा थर, बसवला होता आणि त्यात रीडायरेक्टही, म्हणजे फोनवाल्याला एम डॉटवर वळवणारी उत्तरंही, साठवत होतो. उत्तर कशावरून बदलतं हे कॅशला सांगणाऱ्या व्हेरी हेडरमध्ये यूजर-एजंट, म्हणजे ब्राउझरची ओळख, लिहायचं राहिलं. ती चूक माझीच. मग व्हायचं तेच झालं. आधी फोनवाला आला की त्याच्यामागून येणारा संगणकवालाही एम डॉटवर. आधी संगणकवाला आला की फोनवर जड पान. आमच्या टेबलावर सगळं ठीक दिसायचं, म्हणून सापडायला चार दिवस गेले.

ह्याच चार दिवसांत भागीदार वेगळा झाला. नुसता वेगळा झाला नाही, गिऱ्हाइकांची यादी घेऊन गेला. त्याच वर्षी २१ एप्रिलला गूगलने मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलच्या शोधात वर आणायला सुरुवात केली होती. त्याचा धाक दाखवून ह्याने दारोदार सांगितलं की एम डॉटवाल्या साइट गूगल काढून टाकणार. धादांत खोटं. वेगळे पत्ते गूगलला चालत होते. संगणकाच्या पानावर अल्टरनेट (मोबाइलच्या पानाकडे बोट दाखवणारी खूण) आणि मोबाइलच्या पानावर कॅनोनिकल (मूळ पान संगणकाचं, हे सांगणारी खूण), एवढी जोडी नीट लावायची. ती आमची पहिल्यापासून लावलेली होती, आणि हे त्याला ठाऊक होतं, कारण अर्धी त्यानेच लावली होती. सात गिऱ्हाइकं गेली. काकांकडेही तो गेला होता. काकांनी त्याला चहा पाजला आणि मला फोन करून विचारलं, "तुझं दुरुस्त कधी होतंय?" बस्स, एवढंच.

पुढची वर्षं सरळ गेली.

ज्यांच्याकडे अजून एम डॉट चालू आहे त्यांना सांगतो: फोनवाल्याला होमपेजवर ढकलू नका, जे पान मागितलं त्याच्याच जोडीच्या पानावर न्या. "पूर्ण साइट पाहा" ही लिंक द्या आणि ती निवड कुकीत (ब्राउझरमध्ये साठणाऱ्या नोंदीत) ठेवा, ती कुकी मुख्य डोमेनवर लावा. मोबाइलच्या पानावरचा मजकूर कमी करू नका, गूगल आता तेच पान वाचतं.

काकांची साइट २०२१ मध्ये आम्ही रिस्पॉन्सिव्ह केली. काठ आधी, पदर नंतर, हा क्रम तसाच ठेवला, आता संगणकावरही. जुन्या एम डॉटच्या पत्त्यांवरचे रीडायरेक्ट मी काढलेले नाहीत. कोणीतरी कधीकाळी बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक अजून उघडते, आणि जिची लिंक तीच साडी समोर येते.