खडीच्या वाटेने टुकटोयाकटुकपर्यंत

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या डॉसनजवळच्या फाट्यापासून इनुविकपर्यंत डेम्पस्टर हायवे सुमारे ७४० किलोमीटर, तिथून पुढे टुकटोयाकटुकपर्यंत आणखी १४०. डांबर जवळजवळ नाहीच. कॅनडातले बरेच मराठी लोक इथे आर्क्टिक महासागरात पाय बुडवायला जातात, आणि तो आनंद मोठाच आहे. माझं आयुष्य रस्ते बांधण्यात गेलं, त्यामुळे माझं लक्ष सारखं खाली, भरावाकडे. मॅकेन्झी खोऱ्यातून गॅसची पाइपलाइन न्यायच्या आराखड्यांतला एक अवघड प्रश्न या रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतो: एवढी खडी-मुरूम आणायची कुठून, आणि ती उचलू द्यायची की नाही हे ठरवायचं कोणी?

आधी गाडीचं बघा. डेम्पस्टरच्या पृष्ठभागावर बऱ्याच ठिकाणी शेल दगड आहे. तो धारदार फुटतो आणि टायर कापतो. जाड टायर आणि दोन स्टेपन्या घ्या. भाड्याची गाडी घेणार असाल तर करारात खडीच्या रस्त्याची परवानगी लेखी आहे का, ते तपासा. बऱ्याच कंपन्या ती देत नाहीत. समोरून ट्रक आला की वेग कमी करून कडेला सरका, काच वाचते. मात्र अगदी काठावर जाऊ नका, तिथला भराव मऊ असतो.

ईगल प्लेन्सला, साधारण ३७० व्या किलोमीटरला, टाकी पूर्ण भरा. तिथलं हॉटेल खडक उघडा पडलेल्या जागी बांधलंय, म्हणून त्याच्या पायाला बर्फाची चिंता नाही. या मुलखात अशी जागा सापडणं हेच मोठं नशीब. बाकी सगळीकडे जमीन खाली कायमची गोठलेली. वरचा शेवाळाचा थर खरवडला की ऊन आत शिरतं, बर्फ वितळतो आणि जमीन खचते. म्हणून आपल्याकडे करतो तसं उंचवटा कापून खोलगट भरणं इथे चालत नाही. शेवाळ तसंच ठेवायचं आणि वर जाड भराव टाकायचा, म्हणजे खालची थंडी खालीच राहते. रस्ता असो, विमानतळ असो की पाइपलाइनच्या कामगारांची छावणी, प्रत्येकाला हीच गादी लागते.

पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाही, उन्हाळ्यात फेरी आणि हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता. नदी गोठताना आणि फुटताना मधले काही आठवडे दोन्ही बंद, तेव्हा जुलै-ऑगस्ट धरा आणि निघण्याआधी युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज या दोन्ही प्रदेशांच्या रस्त्यांची ताजी स्थिती बघा. फेरीसाठी थांबलात तर धक्क्याकडे नीट बघा. तो खडीचाच उतार आहे. नदीची पातळी बदलली की लोडर पुढे येतो, बादलीने खडी ढकलतो, दाबतो, मागे जातो. आमची गाडी चढायच्या आधी त्याने काठ पुन्हा नीट केला. पाण्याने बारीक माल धुऊन नेला होता आणि नुसते गोटे उरले होते. हे काम हंगामभर चालतं. खडी एकदा टाकली की संपलं असं नसतं, हा हिशेब पाइपलाइनवाल्यांनाही करावा लागतो.

इनुविक गाव मुळात इथे वसलं त्याचं एक कारण खडीच. जुनं अक्लाविक त्रिभुज प्रदेशाच्या गाळात, पुराच्या तोंडी. १९५० च्या दशकात सरकारने नव्या गावासाठी जागा शोधली तेव्हा जवळ भरावाचा माल आहे का, ही एक अट होती. गावातलं गोल इग्लू चर्च जरूर बघा. त्याचा काँक्रीटचा पाया खडीच्या थरावर बसवलाय.

आता मुद्द्याची गोष्ट. १९७४ ते १९७७ या काळात न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी पाइपलाइनच्या सरकारी चौकशीसाठी गावोगाव जाऊन लोकांचं म्हणणं ऐकलं आणि शिफारस केली की, जमिनीचे हक्क ठरेपर्यंत मॅकेन्झी खोऱ्यातली पाइपलाइन १० वर्षं थांबवा. १९८४ मध्ये इनुविआलुइत या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा सरकारशी करार झाला, सुमारे ९१,००० चौरस किलोमीटर जमीन त्यांच्या मालकीची झाली. त्या करारात वाळू आणि खडीचा वेगळा उल्लेख आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. गावांची २० वर्षांची सार्वजनिक गरज अंदाजून तेवढा साठा आधी राखून ठेवायचा. मग इनुविआलुइतांची स्वतःची गरज. मंजूर प्रकल्पांचा नंबर त्यानंतर. आपल्याकडे ज्याला गौण खनिज म्हणतात, त्याला इथे गावाचा पहिला हक्क म्हणून मान आहे. नंतर आलेला सुमारे १,२०० किलोमीटरचा मॅकेन्झी गॅस प्रकल्प २०११ मध्ये मंजूर होऊनही २०१७ मध्ये सोडून देण्यात आला. खडी कोणाच्या वाट्याला किती, हा नियम मात्र प्रकल्प आला-गेला तरी कायम आहे.

त्याच २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इनुविक-टुक (टुक म्हणजे टुकटोयाकटुक) रस्ता खुला झाला. काम मुख्यतः हिवाळ्यात केलं, म्हणजे गोठलेल्या टुंड्रावरून माल नेता येतो आणि जमिनीला इजा होत नाही. खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे जमीन आणि भराव वेगळे ठेवणारं मजबूत कापड, वर भराव. पण गोठलेल्या मालात बर्फ असतोच. उन्हाळ्यात तो वितळला की भराव बसतो, कडा फाटतात. एका मोरीजवळ काठाला समांतर गेलेली भेग दिसली, तळवा सहज आत जाईल एवढी. अशा ठिकाणी गाडी मध्यावर ठेवा. पाऊस पडला की या रस्त्याचा चिखल होतो. शक्य असेल तर इनुविकमध्येच एक दिवस थांबा. मधे पेट्रोल नाही, फोनला रेंज नाही. शाकाहारी असाल तर शिधा सोबत घ्या, गावातल्या दुकानांत भाज्या महाग.

टुकच्या अलीकडे १९ किलोमीटरवर 'सोर्स १७७' ही खडीची खाण आहे. हा शेवटचा तुकडा आधी बांधला, २०१० मध्ये, केवळ खाणीपर्यंत पोचायला. बाकीचा हायवे नंतर येऊन जोडला. खाणीच्या फाट्यावर गाडी उभी करू नका, ट्रक वळतात. पिंगोंवर, म्हणजे पोटात बर्फ असलेल्या टेकड्यांवर, चढू नका आणि टुंड्रावर चाक घालू नका, त्या खुणा वर्षानुवर्षं जात नाहीत. रस्त्याबाहेर तंबू ठोकायचा असेल तर आधी गावात विचारा, ही त्यांची जमीन आहे.

टुकचा किनारा समुद्र खातोय, टोकाकडची काही घरं आत हलवावी लागली. हलवलेल्या प्रत्येक घराला नवा भराव लागतो, आणि तो याच साठ्यातून येणार. शक्य असेल तर एक रात्र गावातच राहा, जेवण आणि मुक्काम स्थानिकांकडेच घ्या. परतताना इनुविकला गाडीचा तळ आणि चाकांची आतली बाजू पाण्याने नीट धुऊन घ्या. वाळलेला चिखल चाकाचा तोल घालवतो आणि स्टिअरिंग थरथरतं.