पाण्यातून गेलेलं शुभवर्तमान: सानरिकूच्या किनाऱ्यावर चार दिवस

इचिनोसेकीला शिंकान्सेनमधून उतरले तर भुरभुर बर्फ पडत होता. मार्च उजाडला तरी तोहोकूतली, म्हणजे ईशान्य जपानातली, थंडी काही हटत नाही आणि मी नेहमीप्रमाणे हातमोजे कॉन्व्हेंटात विसरून आले होते. तिथून एक छोटी डिझेल गाडी केसेन्नुमापर्यंत जाते आणि पुढे रूळच नाहीत. त्सुनामीने उखडले ते परत टाकलेच नाहीत, रुळांच्या जागी डांबर ओतून त्यावरून लाल बस सोडलीय, बीआरटी म्हणतात तिला (पुणेकरांनो, नाव ऐकून दचकू नका). रेल्वेच्या जुन्या बोगद्यातून बस जाते तेव्हा दोन्ही बाजूंना भिंत इतकी जवळ की मी आपोआप खांदे आवळून बसले.

आधी स्वतःबद्दल थोडं, नाहीतर ही बाई तिकडे काय करतेय असं वाटेल. मी वसईची, गासच्या बाजूची, घरी कादोडी ही आमची बोली बोलणारी कुपारी ख्रिस्ती. धर्मभगिनी म्हणून जपानमध्ये आले त्याला आता अठरा वर्षं झाली. इथे मला शिसुता म्हणतात, म्हणजे सिस्टर. आमच्याकडे जपान म्हटलं की होंडा-सुझुकीच्या आधी संत गोन्सालो गार्सिया आठवतात, वसईचा पोरगा, जेसुइट मिशनऱ्यांबरोबर तिकडे गेला, भाषा शिकला, मग व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि दुभाष्या म्हणून परत जपानला आला. मी निघाले तेव्हा आजीने हेच सांगितलं होतं, बघ बाई, त्यांनी त्याला क्रुसावर दिला होता. जणू कालच घडलंय.

तर २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर मी इकडे, तोहोकूच्या या सानरिकू किनाऱ्यावर, मदतीला आले होते आणि २०२४ च्या मार्चमध्ये परत गेले, त्या चार दिवसांचं हे लिहितेय.

पहिला मुक्काम रिकुझेनताकाता. ताकाता-मात्सुबारा म्हणून किनाऱ्याला सुमारे ७० हजार पाइनची झाडं होती, वाऱ्या-वाळूपासून शेतं वाचावीत म्हणून लोकांनी पिढ्यानपिढ्या लावलेली. ११ मार्च २०११ नंतर त्यातलं एक उभं राहिलं. एकच. साडेसत्तावीस मीटर उंच. खाऱ्या पाण्याने मुळं खराब होऊन तेही पुढच्या वर्षी मेलंच, मग ते कापून, आतून पोकळ करून, आधार घालून, नकली फांद्या लावून परत उभं केलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला, खरं सांगते, कसंतरीच वाटलं होतं, मेलेल्या झाडाला मेकअप. नंतर डोक्यात आलं की १५४९ ला जपानात पहिल्यांदा ख्रिस्ताचं नाव घेऊन उतरलेल्या फ्रान्सिस झेवियरचं शरीर आपण गोव्यात पावणेपाचशे वर्षं जपून ठेवलंय आणि दर दहा वर्षांनी बघायला रांगा लावतो, मी कोणत्या तोंडाने हसू?

किनाऱ्यावर नवी ४० हजार रोपं लावलीत, अजून लहानच आहेत. आणि त्यांच्या अलीकडे, म्हणजे गावाच्या बाजूला, साडेबारा मीटरची भिंत. भिंतीवर चढल्याशिवाय समुद्र दिसतच नाही. गाव तर जागच्या जागी उचललंय म्हणा ना, शेजारचा डोंगर कापून, माती अवाढव्य कन्व्हेअर बेल्टने नदीपलीकडे आणून, काही ठिकाणी दहा मीटरच्या वर भराव घातलाय. काम बघून थक्क व्हायला होतं पण भरावावरचे कितीतरी प्लॉट रिकामे पडलेत, गवत वाढलंय. भराव होईपर्यंत इतकी वर्षं गेली की माणसं दुसरीकडे घरं बांधून मोकळी झाली. दुकानातल्या बाई म्हणाल्या, पूर्वी लाटांचा आवाज ऐकत झोप लागायची, आता काही ऐकूच येत नाही, मग समुद्र काय करतोय ते कळणार कसं?

इथेच मला ते जुने फॉरवर्ड आठवतात, जपानकडून शिकण्यासारख्या दहा गोष्टी, ना रडारड ना लूटमार, सगळे शांत रांगेत वगैरे. माझ्या भावानेही पाठवलं होतं. रांगा होत्या, खोटं नाही. पण शांत? इशिनोमाकीच्या ओकावा शाळेत ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले, मागे टेकडी असताना मुलांना पन्नासेक मिनिटं मैदानावर थांबवून ठेवलं होतं. आईबाप कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टात जिंकले. त्या आयांना जाऊन कुणी सांगावं की तुम्ही किती शांत आहात.

दुसऱ्या दिवशी ओफुनातो. बर्फ थांबला होता, वारा नव्हता थांबला. हा सगळा भाग केसेन, इथली बोली तोक्योवाल्यांना अर्धी कळत नाही, गावंढळ म्हणून हसतात तिला. (कादोडी बोललं की वसई स्टेशनवर लोक कसे वळून बघतात ते मला विचारा.) यामाउरा हारुत्सुगु नावाचे इथले एक डॉक्टर आहेत, कॅथलिक. त्यांच्या मनाने घेतलं की येशू माझ्या माणसांशी माझ्या बोलीत बोलला पाहिजे, आणि त्यासाठी हा माणूस दवाखाना सांभाळून ग्रीक शिकला! मूळ ग्रीकवरून चारही शुभवर्तमानं केसेन बोलीत आणली, २००२ ते २००४ मध्ये ती छापून झाली आणि २००४ ला दुसऱ्या जॉन पॉल पोपमहाशयांच्या हातात दिली.

आता पुढचं ऐका. उरलेल्या प्रती ओफुनातोतल्याच प्रकाशकाच्या गोदामात होत्या, त्सुनामीचं पाणी तिथे शिरलं. कुणीही रद्दीत घातल्या असत्या. त्यांनी त्या ‘ओमिझुकुगुरी नो सेइशो’ म्हणून विकायला काढल्या, म्हणजे पाण्यातून गेलेलं बायबल, बाप्तिस्मा झालेलं म्हणा हवं तर, आणि लोकांनी लांबलांबून मागवून घेतल्या. माझ्याकडे त्यातलं एक आहे, मत्तयचं, कडा थोड्या फुगलेल्या, ते मी या प्रवासात पिशवीत घालून नेलं होतं, का ते मलाही सांगता येणार नाही.

त्यातला एक शब्द मला सोडत नाही. आपल्या मराठी बायबलमध्ये ‘तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात फादर हे वाक्य वाचायचे तेव्हा मला फक्त आमच्या वर्गातली प्रीती आठवायची, कारण घरीदारी कुणी कुणावर प्रीती करतच नव्हतं, तो शब्द फक्त मिस्सेत ऐकायला यायचा. जपानी बायबलात तिथे ‘आई’ आहे (आपली आई नव्हे, प्रेमाला जपानी शब्द) आणि तोही तसाच, वापरात असून अंगाला न लागणारा. यामाउरांनी तो काढूनच टाकला. त्यांनी लिहिलं ‘दाइजी नी शिरो’. याला मराठीत एकच शब्द आहे, जपा. वैऱ्यालासुद्धा जपा. वैरी आवडायला हवा असं कुठे म्हटलंय? काच जपतो, म्हातारं माणूस जपतो, तसं जपा. आणि गंमत म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या मिशनऱ्यांनाही ‘आई’ पटला नव्हता, तेव्हाच्या ख्रिस्ती पुस्तकांत देवाच्या प्रेमाला ‘गो-ताइसेत्सु’ म्हणायचे, अर्थ जवळपास तोच. म्हणजे आमच्या गोन्सालोंच्या तोंडीही हाच शब्द असावा. ते क्योतो-ओसाकाकडे होते तेव्हा, १५९६ च्या सप्टेंबरमध्ये, फुशिमीचा मोठा भूकंप झाला, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याचा नवाकोरा किल्ला कोसळला. म्हणजे जपानचा महाभूकंप अनुभवणारी वसईची मी काही पहिली नाही. पुढे पाच महिन्यांत, ५ फेब्रुवारी १५९७ ला, नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांमध्ये तेही क्रुसावर होते.

ओफुनातोच्या साकारी स्टेशनवरून सानरिकू रेल्वे लागते. एक डबा, बोगदा, खाडी, बोगदा, खाडी. कामाइशीला उतरले आणि पोटात गोळा आला, कारण २०११ चा उन्हाळा मी इथे काढला होता. इथल्या चर्चमध्ये कारितास जपान या कॅथलिक मदतसंस्थेचा बेस होता, आम्ही हॉलमध्ये स्लीपिंग बॅगा टाकून झोपायचो आणि सकाळी फावडी घेऊन निघायचो, दोरोकाकी, म्हणजे चिखल उपसणं. तो चिखल काळा, डिझेलचा आणि सडक्या माशांचा वास येणारा. ही वेळ आली ती बंदर बेसावध होतं म्हणून नाही, ६३ मीटर खोल पाण्यात उभारलेली, गिनीजमध्ये नाव असलेली लाटरोधक भिंत होती या बंदराला. तीस वर्षं खपून २००९ ला पूर्ण केलेली. दोन वर्षांत फुटली.

चिखलात फोटो सापडायचे. लग्नाचे, शाळेचे, बारशासारख्या कसल्यातरी समारंभाचे. ते फेकायचे नाहीत, वेगळ्या क्रेटमध्ये, मग कुणीतरी बसून मऊ ब्रशने कोमट पाण्यात एकेक धुणार, दोरीवर चिमट्यांनी वाळत घालणार आणि शाळेच्या जिममध्ये मांडून ठेवणार, ज्यांचे असतील त्यांनी घेऊन जावेत म्हणून. अनोळखी नवरीचा चेहरा पुसला जाऊ नये म्हणून कडेकडेनेच ब्रश फिरवणारा कॉलेजचा एक पोरगा मला अजून दिसतो.

आणि माझी चूक. तात्पुरत्या घरांमध्ये आम्ही आशियु करायचो, पायांना गरम पाण्याची अंघोळ. टबमध्ये पाय सोडून माणूस बसतो आणि आपण समोर गुडघ्यावर बसून त्याचे हात चोळून देतो, दहा मिनिटं. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात ते आयुष्यभर बघितलेली मी, मनातून जरा भरूनच आले होते, आज मी प्रभूचं काम करतेय वगैरे. समोर एक आजी, नवरा आणि सून गेलेली. निघताना मी म्हटलं, गान्बात्ते कुदासाइ, म्हणजे धीर धरा, झटत राहा. सगळे तेच म्हणत होते, पोस्टरवर तेच, बसवर तेच. आजी हळूच म्हणाल्या, शिसुता, आणखी किती?

मी काही बोलले नाही. त्यांनी पाय पुसले आणि मलाच चहा ओतून दिला.

त्याच काळात कानेता ताइओ नावाचे एक बौद्ध भिक्षू छोट्या ट्रकमध्ये कॉफी आणि केक घालून वस्त्यावस्त्यांवर फिरत होते, कॅफे दे मोंक. मोंक म्हणजे भिक्षू आणि जपानीत मोंकु म्हणजे तक्रार, म्हणजे या, चहा-कॉफी घ्या आणि कुरकुर करा. भिक्षू, पाद्री, शिंतो पुजारी एकत्र बसायचे आणि अट एकच, धर्माचा प्रचार करायचा नाही. आमच्या टीमचाही नियम तोच होता. सुट्टीत वसईला गेले की हमखास कुणीतरी विचारतं, सिस्टर, इतक्या वर्षांत किती जण ख्रिस्ती झाले? तोहोकूत? शून्य. पुढे काय बोलायचं ते विचारणाऱ्याला सुचत नाही आणि आताशा मलाही सुचवावंसं वाटत नाही.

तर त्याच आजींना भेटायला मी ओत्सुचीला गेले, सोमवार, ११ मार्च. आता त्या पालिकेने बांधलेल्या घरात राहतात पण दिवसभर बंदरावर पुतण्याच्या शेडमध्ये, कारण मार्च म्हणजे वाकामेचा, खायच्या समुद्री शेवाळाचा, हंगाम. पहाटे होडीतून तपकिरी वाकामे आणतात, उकळत्या पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत हिरवंगार होतं, मग थंड पाण्यात, मग मीठ, आणि दुपारी बायका ओळीने बसून पानांमधली जाड शीर काढतात. मला स्टूल दिलं, रबरी हातमोजे दिले (बरंच झालं) आणि बसवलं. मी दर तिसरं पान फाडत होते. वयाची ऐंशी उलटलेल्या आजी न बघता सर्रकन काढत होत्या. कोपऱ्यात टीव्हीवर नोतोच्या भूकंपाच्या बातम्या, १ जानेवारीला झाला होता तो. कुणीतरी म्हणालं, तिकडे अजून नळाला पाणी नाही. आजी म्हणाल्या, मोजे पाठवा, थंडीत सगळ्यात आधी मोजे लागतात. याच्याइतकं उपयोगाचं वाक्य मी कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही.

२ वाजून ४६ मिनिटांनी गावाचा भोंगा वाजला. सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले. आजींच्या हातात अर्धं सोललेलं पान होतं, ते तसंच लोंबत राहिलं, मिठाचं पाणी टपटप पडत होतं. २०११ ला राखेचा बुधवार ९ तारखेला होता, त्सुनामीच्या दोनच दिवस आधी, कपाळावर राख लावून घेत ‘तू माती आहेस’ हे मी दर वर्षीसारखंच ऐकून सोडलं होतं, ते आठवलं, प्रार्थना मात्र सुचली नाही. भोंगा थांबला. आजींनी उरलेलं पान सोललं.

जवळच्या टेकडीवर तो वाऱ्याचा फोन आहे, कुठेही न जोडलेला, लोक आत जाऊन गेलेल्या माणसांशी बोलतात. संध्याकाळी मी तिथवर चढून गेले. बाहेर दोन जण थांबले होते, एकमेकांकडे न बघता. मी तशीच परत फिरले.

निघताना आजींनी दोन किलो खारवलेलं वाकामे दिलं, आधी प्लॅस्टिकमध्ये, मग वर्तमानपत्रात, मग परत पिशवीत, वर गाठ मारून, आणि दोनदा बजावलं की मीठ नीट धू, आणि उकळू नकोस, नुसतं भिजव. मी एकदा उकळलंच. एकदा लसणीची फोडणी देऊन वर ओलं खोबरं घातलं, घरच्या मसाल्यासकट, तर कोरियन सिस्टरने तीनदा घेतलं आणि जपानी सिस्टरने ‘इंटरेस्टिंग’ म्हणून ताट सरकवलं. अर्धं अजून फ्रीजमध्ये आहे.