आयरिश खेड्यातला पब म्हणजे मुळात स्वयंपाकघरच

आयर्लंडच्या खेड्यातले जुने कॉटेज पब मला प्रचंड आवडतात, कारण ते कुणी 'डिझाइन' केलेलेच नाहीत. चुन्याने रंगवलेल्या जाड दगडी भिंती, गवताने शाकारलेलं छप्पर, खाली दगडी फरशी आणि सगळ्या खोलीचा, म्हणजे मुळातल्या स्वयंपाकघराचा, जीव चुलीत. खुर्च्या, बाकं, माणसं सगळी तिच्याकडे तोंड करून.

काही भागांतल्या घरांत दारातून शिरलं की समोर एक छोटी आडभिंत लागते, वाऱ्याचा झोत थेट विस्तवावर येऊ नये म्हणून, आणि त्या भिंतीतही एक इवलीशी खिडकी ठेवलेली असते, म्हणजे चुलीपाशी बसलेल्याला न उठता कळतं दारात कोण आलंय ते. किती विचार आहे बघा यात! विस्तव टर्फचा, म्हणजे बॉगमधून (तिकडच्या दलदलीतून) कापून वाळवलेल्या मातकट विटांचा. मोठा जाळ होत नाही, नुसतं धुमसत राहतं, आणि रात्री निखारे राखेत पुरून ठेवले की सकाळी फुंकर घालून परत पेटवायचे. शेजारी सेटल नावाचं उंच पाठीचं लाकडी बाक, त्यातली काही रात्री उघडून झोपायलाही वापरायचे. सुगान खुर्च्यांच्या बैठकी तर चक्क पिळलेल्या गवताच्या दोरीने विणलेल्या असतात.

बऱ्याच ठिकाणी पब आणि दुकान एकच असायचं, पुढे चहापत्ती, पीठ, खिळे आणि तिथेच पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास. टिपररी काउंटीतल्या फेथर्ड गावचं मॅककार्थीज तर आजही पब आहे आणि अंत्यसंस्काराचं कामही तेच करतात.

आता 'आयरिश पब कंपनी' 1990 च्या दशकापासून जगभर असे पब बांधून देतेय आणि 'कंट्री कॉटेज' ही त्यांची एक ठरलेली स्टाइलच आहे. मला त्यांचा राग नाही, काही खरंच छान जमलेत. पण लोणी घुसळायचं पिंप छताजवळ खिळ्याने ठोकून ठेवलेलं दिसलं की जीव हळहळतो, ती वस्तू हाताला लागेल अशा जागी हवी ना! असा पब कुणी करणार असेल तर माझं एकच म्हणणं, भिंतीवर काय लावायचं ते नंतर बघा, आधी खरा विस्तव कुठे पेटणार ते ठरवा आणि बाकं त्याच्याजवळ ओढा.