"दिसतंय की!" हे कारण नव्हे: निर्देशक भूमिती शिकवताना

निर्देशकांवरून, म्हणजे (x, y) या आकड्यांवरून, आलेखावर बिंदू स्थापन करणं, चरण (अक्षांनी पडलेले आलेखाचे चार भाग) ओळखणं हे मुलांना पटकन जमतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. माझं डोकं फिरवलं ते स्वाध्यायपत्रिकेतल्या 'कारण लिहा'ने, आणि त्यापुढे सोडलेल्या जेमतेम एका ओळीने. एवढ्याशा जागेत मुलं काय लिहिणार? "आकृतीत तसं दिसतं." नाहीतर "मोजून पाहिलं."

म्हणून मी (0, 0), (8, 0) आणि (4, 7) हे बिंदू दिले. त्रिकोण समभुज आहे का? सगळा वर्ग एकमुखाने हो म्हणाला. पट्ट्या निघाल्या. एक एकक म्हणजे 1 सेंमी धरलं तर बाजूंमधला फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही, पट्टीला तो कुठून कळणार! मग तिरक्या बाजूवर काटकोन त्रिकोण काढायला लावला: आडवे 4, उभे 7. पायथागोरसप्रमाणे तिरक्या बाजूचा वर्ग 16 + 49 = 65. पायाचा वर्ग मात्र 64.

इथे निकाल लागायला हवा होता. "बाई, 64 आणि 65 जवळजवळ सारखेच की!" या 'जवळजवळ'पाशी आमची गाडी जी रुतली ती हलेचना. मुलांच्या लेखी पट्टी खरी आणि गणिताने नुसता तिला दुजोरा द्यायचा. दोघांचं पटलं नाही तर चूक गणिताची. पुन्हा पुन्हा समजावून माझा घसा तेवढा बसला.

सुटलं ते जोड्या केल्यावर. एकासमोर आकृती, दुसऱ्याकडे फक्त निर्देशक, आणि पहिल्याने दुसऱ्याला पटवायचं. समोरच्याला काही दिसतच नसल्यामुळे "दिसतंय की" बंद पडलं. "वर्ग सारखे नाहीत, म्हणून बाजू सारख्या नाहीत" हे वाक्य अखेर मुलांच्या तोंडून आलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

हो, याच्याही आधी तिरका चौरस द्यायला हवा: (1, 1), (6, 2), (5, 7), (0, 6). तिरका आहे एवढ्यावरून मुलं त्याला चौरस मानत नाहीत, म्हणजे डोळा दोन्हीकडून फसतो. अंतराचं सूत्र देण्याची घाई नको. सूत्र हाती आलं की आकडे भरले जातात आणि 'म्हणून' गळतो. (0, 0), (5, 0), (8, 4), (3, 4) यात चारही बाजू 5 येतात, मुलं बेधडक चौरस लिहून मोकळी होतात. चौरसाचे कर्ण सारखे हवेत, इथे कर्णांचे वर्ग 80 आणि 20 आहेत हे कोण बघतो? मी गुण आकड्यांना कमी आणि 'म्हणून'च्या वाक्याला जास्त देते.

शेवटी शिरोबिंदूंचे निर्देशक पूर्णांकच असतील असा समभुज त्रिकोण शोधायला सांगितला. तो असूच शकत नाही, हे अर्थात सांगितलं नाही. एकीने (0, 0), (30, 0), (15, 26) आणला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "900 आणि 901. हाही नाही."